माईकबाई समोर आली

त्या बसस्थानकात येणाऱ्या प्रत्येकाला तिचा आवाज माहीत होता, पण तिचं तोंड कुणी पाहिलेलं नव्हतं. तिलाही तेच हवं होतं.

पहिल्या मजल्यावर, जिन्याच्या वळणाला, तिची खोली होती. दोन माणसं आत बसली तर तिसऱ्याने श्वास घ्यायला बाहेर जावं, एवढीच. एक टेबल, एक खुर्ची, एक माईक, आणि फलाटांच्या बाजूला काळ्या काचेची खिडकी. आतून बाहेरचं सगळं दिसे, बाहेरून आतलं काही दिसत नसे. तिथे बसून ती दिवसभर गाड्या पुकारायची. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली, कुठली उशिरा येणार, कुणाचं पोर हरवून चौकशीपाशी रडत बसलंय. आवाज असा, की पळत सुटलेली माणसंसुद्धा पाऊल जरा हळू टाकत. डेपोत तिला सगळे माईकबाई म्हणत. नवा आलेला एखादा ड्रायव्हर विचारायचा, "ही बाई दिसायला कशी आहे हो?" तेव्हा जुनी मंडळी चहाचा कप तोंडाला लावत.

लग्नाच्या आधीची गोष्ट. एके दिवशी सकाळी ती झोपेतून उठली, चूळ भरायला गेली आणि पाणी डाव्या ओठातून आपोआप गळायला लागलं. आरशात बघितलं तर अर्धा चेहरा झोपेतच राहिलेला. औषधं झाली, मालिश झालं, विजेचे शेक झाले. गप्प बसली की काही कळत नसे, एवढं सुधारलं. पण बोलायला लागली की ओठ उजवीकडे ओढले जात, डावा डोळा आपोआप मिटे, आणि प, ब, म म्हणताना ओठाच्या कोपऱ्यातून हवा निसटे. खोलीत तिने त्यावर स्वतःच उपाय काढला होता. डाव्या हाताची दोन बोटं गालावर दाबून धरायची. मग 'फलाट' नीट फलाट व्हायचा. बाहेर मात्र ती फारशी बोलतच नसे. बोललीच तर तोंडापुढे रुमाल. शेजारणींना वाटे बाई गर्विष्ठ आहे. नवरा म्हणायचा, "जगाला फुकट ऐकवतेस, आणि घरी आलीस की तोंडात मूग." तो एका इस्पितळाच्या उपाहारगृहात आचारी होता, आणि त्याची प्रत्येक थट्टा तोंडापाशी येऊन संपे. तिला त्याचा राग येत नसे. तिच्या तोंडाची थट्टा करण्याची हिंमत असलेला तो जगातला एकटाच माणूस होता.

मग मशीन आलं.

आधी साहेबांनी तिला बोलावून गोड शब्दांत सांगितलं, की तिचा आवाज जपून ठेवायचाय. तिला बरंच वाटलं. रोज काम संपल्यावर ती बसून आकडे म्हणायची, गावांची नावं म्हणायची, 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे' निरनिराळ्या चालीत म्हणायची. सगळं गोळा झाल्यावर साहेबांनी पेढ्यासारखं हसून सांगितलं, की आता हे तुकडे जोडून मशीन आपलं आपणच पुकारेल. खोलीला कुलूप लागलं. खाली फलाटावर ती उभी राहिली तेव्हा तिचाच आवाज वरून गाडी पुकारत होता, आणि तिची जागा तिनेच खाल्लेली होती. तक्रार तरी कुणाविरुद्ध करायची?

तिच्यासारखे आणखीही होते. आजारामुळे, वयामुळे, मशीनमुळे जागा गेलेले. त्या सगळ्यांना प्रवासी-मदतीच्या नव्या खिडक्यांवर बसवायचं ठरलं, पण आधी लोकांसमोर बोलण्याचा वर्ग करायचा, आणि शेवटी गटाने उभं राहून सादरीकरण द्यायचं. गुण गटाला एकत्र. गट पडला तर सगळे पडले. पडलेल्यांनी स्वेच्छेने निवृत्ती घ्यायची. ती स्वेच्छा कुणाची, हे कुणी विचारायचं नाही.

वर्ग स्थानकाला लागूनच असलेल्या वर्कशॉपच्या माडीवर भरे. खाली चाकं ठोकल्याचा आवाज, वर ग्रीसचा वास आणि प्लॅस्टिकच्या खुर्च्या. शिकवणाऱ्या मॅडम तिच्या मुलीपेक्षा फार तर चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. बोलणं मधाळ, पण डोळ्यांतून काही सुटत नसे. पहिल्याच दिवशी एकेकाने पुढे येऊन स्वतःची ओळख करून द्यायची होती. माईकबाईची वेळ आली. ती गेली, रुमाल तोंडाशी धरून उभी राहिली.

"हात खाली घ्या," मॅडम म्हणाल्या. "चेहरा दिसू द्या. बोलणारा माणूस आधी दिसतो, मग ऐकू येतो."

तिने हात खाली घेतला. समोर बसलेल्या माणसांचे चेहरे एकदम फुगून जवळ आल्यासारखे वाटले. तिने 'मी' म्हणायला ओठ मिटले, ते उजवीकडे ओढले गेले, डोळा मिटला, आणि पुढच्या रांगेतल्या कुणीतरी चटकन नजर वळवली. नजर वळवलेली तिला बघण्यापेक्षा जास्त लागे. ती तशीच दाराबाहेर गेली, आणि जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहिली.

गट पडले. तिच्या वाट्याला दोघे आले. एक ड्रायव्हरकाका. आयुष्यभर गाडी चालवलेला उंच, वाकलेला माणूस. काचबिंदूने त्यांची नजर कडेकडेने खाऊन टाकली होती. "नळीतून बघितल्यासारखं दिसतं," ते सांगत. "समोरचा दिवा दिसतो, शेजारचा म्हातारा दिसत नाही. म्हणून स्टिअरिंग सोडलं, म्हातारा चाकाखाली यायच्या आधी." दुसरा कंडक्टर. वय फार नाही, पण धक्के खात उभं राहून कंबर गेलेली. पट्टा बांधून यायचा, आणि खुर्चीत बसताना आधी डोळे घट्ट मिटायचा. घरी दोन लहान मुली, कमावणारा तो एकटा. विषय मिळाला, रागावलेल्या प्रवाशाशी कसं बोलावं.

"विषय चांगला आहे," ड्रायव्हरकाका म्हणाले. "प्रवासी कुठून आणायचा ते बघावं लागणार नाही. कंडक्टरसाहेब रोज रागावलेलेच असतात."

कंडक्टर हसला नाही. त्याने कामाची वाटणी केली. सुरुवात तो करणार, मधलं काका, शेवटचं तिचं. "थोडंच आहे तुमचं, बाई. चार वाक्यं. पण पाठ करून या."

चार वाक्यं तिला पाठच होती. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना, ती मनात अस्खलित म्हणत होती. पहिल्या तालमीला कंडक्टर बोलला, काका बोलले, आणि तिची वेळ आली. ती उभी राहिली. समोर फक्त ती दोन माणसं आणि मॅडम, बाकीचे गट पलीकडे आपापल्या तालमीत. तोंडाला कुलूप लागलं ते लागलंच. आणि नेमकं त्याच वेळी खिडकीतून आवाज आला. स्वच्छ, भरलेला, ठणठणीत. 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे.' तिचाच. ती मुकी उभी होती आणि बाहेर ती बोलत होती.

पलीकडच्या गटातल्या कुणालातरी हसू आवरलं नाही. मग दुसऱ्यालाही नाही. मॅडमनी टेबलावर हात आपटला, पण एकदा फुटलेलं हसू कसं झाकणार?

वर्ग सुटल्यावर कंडक्टरने तिला जिन्यातच गाठलं. "बाई, मी काय म्हणतो, राग मानू नका. तुम्हाला घरी नवरा कमावतोय. माझं तसं नाही. तुमच्यापायी आम्ही दोघं तोंडावर पडणार."

"मी करीन," ती रुमालाआडून म्हणाली.

"कधी करणार? त्या दिवशी?" त्याने कंबर धरली आणि एकेक पायरी उतरत गेला. दुसऱ्या दिवशी त्याने मॅडमकडे गट बदलून मागितला. मॅडम नाही म्हणाल्या. हे त्याने लपवलं नाही, तिच्यासमोरच मागितला. तो माणूस वाईट नव्हता. बुडणारा माणूस दुसऱ्याच्या खांद्यावर पाय देताना विचार करत नाही.

घरी मुलीने उपाय काढला. "आई, तू बोल, मी मोबाईलवर रेकॉर्ड करते. बघितलंस की भीती जाईल."

स्वयंपाकघराच्या भिंतीपाशी ती उभी राहिली. मुलीसमोर तिला जमलं. चारही वाक्यं आली. मुलगी आनंदाने टाळ्या वाजवत मोबाईल घेऊन जवळ आली आणि तिने तो लावला.

इतक्या वर्षांत माईकबाईने स्वतःला बोलताना पाहिलेलं नव्हतं. आरशात ती फक्त गप्प असे. पडद्यावर एक बाई होती, जिचं अर्धं तोंड दुसऱ्या अर्ध्याला ओढून नेत होतं, एक डोळा उगाच मिटत होता, आणि ओठाच्या कोपऱ्यात ओल चमकत होती. आवाज तिचा, हे सगळं कुणाचं? तिने मोबाईल हळूच उलटा ठेवला. मुलगी घाबरली. "आई, एवढं काही दिसत नाही गं. मला तर सवयीने..." ती मध्येच थांबली. 'सवयीने' हा शब्द दोघींच्या मध्ये पडून राहिला.

नवरा कामावरून आला तेव्हा ती अंधारात बसलेली. त्याने थट्टा करायला तोंड उघडलं आणि मिटलं. तिच्याशेजारी बसला.

"तुला माझ्याकडे बघताना काय दिसायचं?" तिने विचारलं. "खरं सांग."

"पहिल्यांदा तोंडच दिसलं," तो म्हणाला. "नंतर कधी दिसायचं बंद झालं, ते मला सांगता येत नाही."

"नंतर," ती म्हणाली. "तिथे नंतर नाहीये. तिथे पहिल्यांदाच आहे सगळं."

त्याने तिचं ताट वाढलं, आणि दोघांनी खाल्लं.

सकाळी तिने ठरवून टाकलं. सोडायचं. स्वेच्छा म्हणतात ना, मग आपल्याच इच्छेने. पडून जाण्यापेक्षा चालत गेलेलं बरं. ती साहेबांच्या कचेरीकडे निघाली. व्हरांड्यात ड्रायव्हरकाका भिंतीला हात लावत येत होते. ती बाजूला झाली, पण त्यांच्या नळीत नेमकी सापडली.

"माईकबाई ना? कुठे?"

"सांगायला. मी सोडतेय, काका. तुमचं दोघांचं तरी होईल."

काका थांबले.

"आमचं नाही होणार," ते म्हणाले. "गटात तिघं लागतात. दोघांचा गट चालत नाही. कंडक्टरने कालच विचारून घेतलंय, तुम्हाला वगळता येतं का ते. नाही येत. तुम्ही गेलात की आम्ही न बोलताच पडलो."

ती भिंतीला टेकली. बुडायचं तर एकटीने बुडावं, तेवढीही सोय राहिली नव्हती. तिथेच तिला रडू आलं, रुमाल न लावता, तोंड हवं तसं वाकडं करत. काका समोर उभे होते. त्यांना त्यातलं किती दिसत होतं कोण जाणे.

"मला माणसांची भीती का वाटत नाही ठाऊक आहे?" ते थोड्या वेळाने म्हणाले. "मला एका वेळी एकच माणूस दिसतो. सभा दिसतच नाही. तुम्हीही एकच धरा. एखादा बरा चेहरा निवडा आणि त्यालाच सांगा."

सादरीकरणाचा दिवस आला. खोली भरलेली होती. सगळे गट, त्यांच्यामागे दोन परीक्षक, वरच्या कचेरीतून आलेले. कंडक्टरने नवा शर्ट घातला होता, पट्ट्याची कड त्यातून फुगून दिसत होती. त्याने सुरुवात केली. पाठ केलेलं एका दमात, बोर्डावरचं वाचल्यासारखं बोलला. मध्ये एकदा अडकला, तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला, आणि तिच्या लक्षात आलं की हा माणूसही मरणाच्या भीतीत उभा आहे. काका बोलले. भलत्याच दिशेला बघत बोलले, पण लोक हसले, ऐकत राहिले.

मग ती. तिने एक चेहरा निवडला. दुसऱ्या रांगेतला, पिकल्या केसांचा, शांत दिसणारा. "प्रवासी रागावतो," तिने सुरुवात केली, आणि 'प्र' फुसकन निसटला. शांत माणसाची नजर तिच्या डोळ्यांवरून घसरून ओठांवर आली आणि तिथेच खिळली. त्याला दोष काय द्यायचा? कुणाचीही तिथेच जाते. पुढचं वाक्य डोक्यातून गेलं. त्याच्या पुढचंही गेलं. खाली वर्कशॉपमध्ये पाना पडलेला ऐकू आला. परीक्षकांपैकी एकाने घड्याळ पाहिलं. कंडक्टरने डोळे मिटून घेतले होते, बसताना मिटायचा तसे.

काय करावं हे तिने ठरवलं नव्हतं. ती पुढे कधी सांगताना म्हणायची, की पळायचंच होतं, पण दार काकांच्या मागे होतं आणि काकांना बाजूला व्हा सांगायलासुद्धा बोलावंच लागलं असतं. तिने डावा हात वर केला आणि दोन बोटं गालावर दाबून धरली, माईकच्या खोलीत धरायची तशी. सगळ्यांच्या देखत.

"माझं तोंड वाकडं होतं," ती म्हणाली. "बोलताना. आजारामुळे. धरलं नाही तर शब्द गळतात. तुम्ही बघून घ्या एकदा. मी थांबते."

आणि खरंच थांबली. लोकांनी काय करावं त्यांना कळेना. कुणी मान खाली घातली, कुणी उगाच खोकलं. पिकल्या केसांचा माणूस मात्र बघत राहिला आणि मग, पाहून झाल्यासारखा, त्याने मान हलवली.

"प्रवासी रागावतो तेव्हा तो आधी आपल्या तोंडाकडे बघतो," ती म्हणाली. हे वाक्य तिला दिलेल्या चारांतलं नव्हतं. "आपण वैतागलो की नाही, हे तो शोधतो. तो काय बघतोय ते आपल्याला माहीत असतं, म्हणून आपणच आधी चिडतो. मी तरी चिडते." पुढे पाठ केलेल्यातली दोन वाक्यं आली. उरलेली दोन आली नाहीत, ती कायमची गेली. बोटं घसरत आणि शब्द फुटत. शेवट काय करावा हे न कळून ती "झालं" म्हणाली आणि बसली. टाळ्या पडल्या त्या तोंडदेखल्या होत्या. तिला फरक कळत होता.

"शेवटचा मुद्दा राहिला," एक परीक्षक म्हणाले. कंडक्टर उभा राहिला. कंबरेने दगा दिला, तो अर्धवट वाकला, आणि वाकलेल्या अवस्थेतच त्याने तिचा राहिलेला मुद्दा सांगितला. पूर्ण. तिची चारही वाक्यं त्याने पाठ करून ठेवली होती, ती कोसळणार हे गृहीत धरून. बाहेर आल्यावर तिने त्याला तसं विचारलंही. "हो," तो म्हणाला. "खोटं कशाला बोलू?" मग जरा वेळाने म्हणाला, "ते 'बघून घ्या' वगैरे मात्र मला जमलं नसतं."

गट पास झाला, काठावर. मॅडमनी सांगितलं की एक परीक्षक पास करायला तयार नव्हते. कंडक्टरला मुख्य स्थानकात खिडकी मिळाली, खुर्चीसकट. काकांना मिळाली नाही. डोळ्यांची तपासणी पुन्हा झाली, आणि ज्याला समोरच्याचा चेहरा पुरता दिसत नाही त्याला खिडकीवर कसं बसवायचं, असं वरून आलं. बोलण्याच्या परीक्षेत सगळ्यांत चांगला बोललेला माणूस घरी बसला. ती भेटायला गेली तेव्हा ते दारात खुर्ची टाकून बसले होते. थट्टा केली, पण अर्ध्यात सोडून दिली. ती नुसती बसून राहिली आणि अंधार पडायला लागल्यावर निघाली.

तिला शहराबाहेरच्या छोट्या स्थानकावर तक्रारीची खिडकी दिली. काच नाही, जाळी नाही, एक हाताच्या अंतरावर माणूस. पहिल्याच दिवशी गाडी चुकलेला एक गृहस्थ तावातावाने आला आणि तिचं उत्तर ऐकता ऐकता ओरडला, "नीट तोंड करून बोला की!" रांगेतली माणसं चपापली. तिच्या पायाखालची जमीन पुन्हा तशीच सरकली, जरासुद्धा कमी नाही. तिने गाल धरला. "असंच आहे ते," ती म्हणाली. "पुढची गाडी अर्ध्या तासाने आहे. तिकीट तेच चालेल." तो ओशाळला नाही, माफीही मागितली नाही. तिकीट उचलून गेला. मागून दुसरा पुढे आला.

संध्याकाळी घरी आली तेव्हा गालावर दोन बोटांचे लाल वळ होते. नवऱ्याने चहा ठेवला.

"कसं झालं?"

"वाईट."

"फार?"

"फार." तिने कप उजव्या बाजूने ओठाला लावला. "डबा जरा लवकर कर. उद्या परत जायचंय."